रिंग मेली की झोपली? (के१३ प्रकल्प, कामाच्या नोंदी)

६ जानेवारी २०२५

आज मलेरियाच्या परजीवीच्या (प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम) चारही लाईन, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले वाण, बाहेर काढल्या. ३डी७ साधी, ३डी७ मध्ये के१३ या जीनचं सी५८०वाय म्युटेशन (प्रथिनाच्या ५८० व्या जागेवरचा बदल) घातलेली, डीडी२ साधी आणि डीडी२ मध्ये तेच म्युटेशन. म्हणजे बदल एकच, घर दोन. ३डी७ चं मूळ आफ्रिकेकडचं मानतात, डीडी२ आग्नेय आशियातली. एकाच बदलानं दोघींच्या आर्टेमिसिनिन (मलेरियाचं आजचं मुख्य औषध) झेलण्यात किती फरक पडतो, त्याची किंमत त्यांना काय मोजावी लागते, आणि औषध निघून गेल्यावर उरलेले परजीवी किती दिवसांनी परत उभे राहतात, एवढं मला या पाच महिन्यांत बघायचंय. पहिल्या दोन गोष्टींवर आधी काम झालेलं आहे, पण तिसरीसाठी त्या आपल्या हातानं करून बघणं भाग आहे.

द्रव नायट्रोजनमधून काढलेली व्हायल जिवंत करताना हात अजून थरथरतो, इतकी वर्षं करूनही. आधी १२ टक्के मिठाचं पाणी थेंब थेंब, हलवत हलवत, मग पाच मिनिटं गप्प बसायचं, मग १.६ टक्के, तेही सावकाश. घाई केली की तांबड्या पेशी फुटतात आणि आतले परजीवीही गेले. चारही फ्लास्क ३७ अंशावर, ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन. १९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी पहिल्यांदा फाल्सिपेरम सलग वाढवून दाखवला, आणि पुढे अशी सोपी रीत दिली की गॅसचे सिलिंडरसुद्धा लागत नाहीत, बरणीत मेणबत्ती पेटवायची, ती ऑक्सिजन खाऊन विझली की झाकणाची तोटी बंद. आपण आज जे काही करतोय ते सगळं त्या बरणीतून आलंय.

९ जानेवारी

स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) बघितले. डीडी२ च्या दोन्ही फ्लास्कमध्ये रिंग, म्हणजे तांबड्या पेशीत नुकतेच शिरलेले कोवळे परजीवी, दिसल्या. ३डी७ मध्ये काही नाही. मीडिया (वाढीचं द्रव) बदलला, वाट बघते.

१४ जानेवारी

३डी७ पण आली! साधी लाईन काल रात्री, म्युटंट आज सकाळी. शंभरच्या ऑइल लेन्सखाली अर्धा तास सरकवत होते आणि अचानक ती दिसली, तांबड्या पेशीच्या कडेला निळसर बारीक अंगठी आणि तिच्यावर खड्यासारखा लाल ठिपका. जिवात जीव आला. चारही आहेत, आता यांना डोळ्यात तेल घालून सांभाळायचं.

१९ जानेवारी

आज बेंचवर काम कमी होतं म्हणून ज्युनिअरबरोबर बसून मलेरियाच्या औषधांचा जुना इतिहास लावला, कारण त्याचा प्रश्न बरोबर होता, "ताई, क्लोरोक्विन गेलं, फॅन्सिडार गेलं, मग हे पण जाणारच ना, आपण नक्की काय वाचवतोय?"

क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम १९५० च्या दशकाच्या शेवटी थायलंड-कंबोडियाच्या सरहद्दीवर आणि दक्षिण अमेरिकेत दिसला, १९७० च्या दशकाच्या शेवटी तो पूर्व आफ्रिकेत पोचला आणि पुढची काही वर्षं मुलांच्या मृत्यूंचे आकडे वाढत गेले. कारण कळायला २००० साल उजाडलं. पीएफसीआरटी नावाचं प्रथिन, परजीवीच्या पचनाच्या पिशवीच्या भिंतीत बसलेलं, त्यातला ७६ व्या जागेवरचा लायसीन जाऊन थ्रिओनिन आला की ते क्लोरोक्विन पिशवीच्या बाहेर फेकायला लागतं. औषध जिथे काम करतं तिथे ते टिकतच नाही.

पण याच गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो कमी सांगितला जातो. मलावीनं १९९३ मध्ये क्लोरोक्विन देणं थांबवलं आणि साधारण दहा वर्षांत तिथून ते म्युटेशन जवळजवळ नाहीसं झालं, २००६ मध्ये छापून आलेल्या चाचणीत क्लोरोक्विननं पुन्हा जवळजवळ सगळी मुलं बरी झाली. म्हणजे औषधाचा दाब उठला की तो बदल परजीवीला जड होतो आणि साधे परजीवी त्याला मागे टाकतात. सगळीकडे इतक्या लवकर असं झालं नाही हे खरं, पण प्रतिकार आला म्हणजे कायमचा आला असं नाही, तो काय भावात पडतो हे मोजता येतं, आणि ते मोजणं आपलं काम आहे. त्याला हे पटलं असं वाटलं, निदान पुढचा अर्धा तास तो त्यावरच बोलत होता.

२४ जानेवारी

मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून वाढणारा जीवाणू) टेस्टमध्ये चारही कल्चर स्वच्छ. मोठं ओझं उतरलं. पूर्वी एकदा सहा महिन्यांचं काम यात गेलंय, परजीवी दिसायला ठणठणीत आणि आकडे मात्र दर वेळी वेगळेच.

के१३ चं सीक्वेन्सिंगही आलं. या जीनोमचा जवळपास ८० टक्के भाग ए आणि टी असल्यामुळे पीसीआर नेहमीच्या तापमानावर नीट चालत नाही, एक्स्टेंशनचं (नवी साखळी जोडण्याच्या पायरीचं) तापमान खाली आणून करावं लागलं. ५८० व्या जागी साध्या लाईनमध्ये टीजीटी, म्युटंटमध्ये टीएटी. एक अक्षर. शेजारी दोन-तीन मुके (प्रथिन न बदलणारे) बदलही आहेत, ते मुद्दाम घातलेले, म्हणजे एकदा दुरुस्ती झाली की जीन कापणारी कात्री परत तिथे लागत नाही. दोन कोटी तीस लाख अक्षरांतलं ते एक अक्षर क्रोमॅटोग्रामवर (सीक्वेन्सिंगच्या आलेखावर) हिरव्या शिखरासारखं उभं होतं, मी ते प्रिंट काढून वहीत चिकटवलं.

१ फेब्रुवारी

सिंक्रोनायझेशन, म्हणजे सगळे परजीवी एका वयाचे करणं. आरएसए म्हणजे रिंग स्टेज सर्व्हायव्हल अ‍ॅसे, औषधातून किती रिंग जगतात ते मोजणारी चाचणी, त्याचा सगळा जीव वयात आहे. ० ते ३ तासांच्या रिंग हव्यात, त्यांना ७०० नॅनोमोलर डायहायड्रोआर्टेमिसिनिन म्हणजे डीएचए (आर्टेमिसिनिनच्या घराण्यातलंच औषध) सहा तास द्यायचं, धुवून टाकायचं आणि पुढचे ६६ तास तसंच वाढू द्यायचं, मग किती जगल्या ते मोजायचं. १ टक्क्याच्या वर जगल्या तर औषध कमी पडतंय असं धरतात. शरीरातही डीएचए तासाभरात निम्मं होतं, त्यामुळे हा सहा तासांचा तडाखा रुग्णाच्या रक्तात खरोखर जे घडतं त्याच्या बराच जवळ आहे, म्हणून ही टेस्ट २०१३ मध्ये आली आणि सगळ्यांनी उचलली. नेहमीची आयसी५० (निम्मी वाढ रोखणारी मात्रा) काढायची पद्धत इथे आंधळी आहे, त्यात प्रतिकार असलेली लाईन आणि नसलेली लाईन जवळजवळ सारखीच दिसते, कारण औषध तीन दिवस तसंच ठेवलं की शेवटी सगळेच मरतात.

आधी पर्कोलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रव) फिरवून पिकलेले, फुटायला आलेले परजीवी म्हणजे शायझॉन्ट वेगळे, त्यांना ताज्या तांबड्या पेशींत तीन तास सोडायचं, ते फुटतील, नवे परजीवी पेशींत शिरतील, आणि बरोबर तीन तासांनी ५ टक्के सॉर्बिटॉल. मोठ्या परजीवींनी आपल्या पेशीच्या भिंतीत जास्तीच्या वाटा केलेल्या असतात, त्यातून सॉर्बिटॉल आत जातं आणि पेशी फुटते. रिंगनं अजून वाटा केलेल्या नसतात म्हणून ती वाचते.

८ फेब्रुवारी

पहिला आरएसए लावला. मी सकाळचा भाग केला, सिंक्रोनायझेशनचा रात्रीचा भाग ज्युनिअरनं. सुरुवात १ टक्का परजीवी, २ टक्के हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचं प्रमाण). धुताना चार वेळा धुतलं, औषध मागे राहायला नको.

११ फेब्रुवारी

काहीतरी चुकलंय. ३डी७ साधी लाईन, जिच्यात काहीही बदल नाही, तिच्यात ४ टक्क्यांच्या वर जिवंत. हे होऊच शकत नाही. म्युटंटचे आकडे छान आलेत, पण कंट्रोलच असा आला की बाकी सगळं कचऱ्यात. पुन्हा मोजलं, तेच. रात्री झोप नाही.

१४ फेब्रुवारी

पहिला संशय औषधावर. आर्टेमिसिनिनच्या रेणूत दोन ऑक्सिजनचा एक पूल असतो, एंडोपेरॉक्साइड, सगळी ताकद त्यात आणि सगळी नाजूकताही त्यातच. तू यूयू यांच्या गटाला सुरुवातीला वनस्पतीच्या अर्कात गुण सापडत नव्हता, चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितलंय, उकळायला नाही, हे वाचून त्यांनी कमी तापमानावर ईथरनं अर्क काढला तेव्हा औषध हाती लागलं. उष्णतेनं ते जातं. आणि डीएचए तर त्या घराण्यातलं आणखी हळवं. म्हणून वाटलं की आमचा स्टॉक वारंवार वितळवून-गोठवून कमजोर झाला असेल. नवीन पावडर तोलून ताजा स्टॉक केला, जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले, आयसी५० दोन्हीची सारखीच. औषध ठीक आहे.

मग वेळेच्या वहीकडे वळले. सगळ्या वेळा गोल आकड्यात लिहिलेल्या. ९:००, १२:००, १५:००. इतक्या गोल वेळा खऱ्या कामात येत नाहीत.

१५ फेब्रुवारी

ज्युनिअरला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं. त्या रात्री सेंट्रिफ्यूज दुसऱ्यांच्या रनमध्ये अडकला होता, त्यामुळे सॉर्बिटॉल तीन तासांऐवजी जवळजवळ सहा तासांनी झालं आणि वहीत त्यानं ठरलेली वेळ लिहिली, झालेली नाही. सांगताना त्याचा चेहरा उतरला होता. मी रागावले नाही, कारण चूक माझीही आहे, रात्रीचा सगळ्यात नाजूक भाग मी नवीन माणसावर एकट्यावर सोडला आणि डीएचए घालायच्या आधी स्लाइड बघून वय तपासलं नाही.

पण यातून जे शिकायला मिळालं ते मी ठळक लिहून ठेवतेय. अगदी कोवळी, दोन ते चार तासांची रिंग आर्टेमिसिनिनला फार हळवी असते, आणि सहा-सात तासांची झाली की तीच रिंग तेवढ्याच औषधात बऱ्यापैकी तग धरते, मग पुढे मोठी होऊन हिमोग्लोबिन जोरात खायला लागली की परत मरायला लागते. आमच्या रिंग ० ते ३ ऐवजी ० ते ६ तासांच्या होत्या, म्हणजे निम्म्या रिंग सहा तासांच्या तडाख्यातला बराचसा वेळ त्या तग धरण्याच्या वयात होत्या. साधी लाईन प्रतिकार करतेय असं जे दिसलं ते प्रतिकार नव्हतंच, ते वय होतं. तीन तासांच्या उशिरानं निरोगी कंट्रोल गुन्हेगार ठरला. याच चुकीनं एखाद्या रुग्णाच्या रक्तातला परजीवी 'प्रतिकारक' म्हणून नोंदला गेला तर काय, या विचारानं मला जास्त अस्वस्थ व्हायला झालं.

मॅडमना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "डेटा फेकू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, वयाचा कंट्रोल म्हणून तो सोन्यासारखा आहे." खरंय. आणि सेंट्रिफ्यूजच्या बुकिंगची पाटी आजच लावली.

नवीन नियम: घड्याळात बघून मिनिटासकट वेळ लिहायची, आणि औषधाच्या आधी प्रत्येक लाईनची एक स्लाइड.

२२ फेब्रुवारी

दुसरा आरएसए. दोघंही रात्रभर होतो. सॉर्बिटॉल ०२:५२ ला, ठरल्यापेक्षा सात मिनिटं उशीर, तसंच लिहिलं.

२५ फेब्रुवारी

मोजणी. आज सगळा दिवस यात गेला आणि याबद्दल नीट लिहायचंय कारण प्रत्यक्ष केल्याशिवाय हे कळत नाही.

औषध दिलेल्या स्लाइडवर परजीवी नसतात असं नाही. असतात, भरपूर असतात, पण बहुतेक गोळा झालेले, जांभळा काळपट टिंब, आजूबाजूला निळा भाग उरलेलाच नाही. हे पिक्नॉटिक, मेलेले. काही मात्र मधलेच, टिंब घट्ट झालंय पण कडेला निळ्याची पुसट रेघ आहे, आकार लहान, वाढ थांबलेली. आणि मग एखादी स्पष्ट जिवंत, मोठी झालेली, पुढच्या चक्रात गेलेली. मोजायची फक्त ती शेवटची. पण मधल्या पुसट रेघवालीचं काय करायचं? मेली की झोपली?

दोघांनी एकमेकांचं न बघता १० हजार तांबड्या पेशी मोजल्या. ३डी७ म्युटंटच्या एका स्लाइडवर माझ्या १८ आल्या, त्याच्या २७. मग एकेक परजीवीचं कोऑर्डिनेट काढून दोघं मिळून परत बघितलं, आणि सगळं भांडण त्या पुसट रेघवाल्यांवरच होतं. त्यानं त्यांना जिवंत धरलं, मी नाही. पद्धतीनुसार माझं बरोबर, कारण ६६ तासांनी जी पुढे सरकलेली नाही ती वाचली म्हणता येत नाही. पण त्याचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये, "ताई, ती उद्या उठली तर?"

आकडे: औषध न दिलेल्या ३डी७ साध्या लाईनमध्ये १० हजारांत ३००, औषध दिलेल्यात १. म्हणजे ०.३३ टक्के. हेच हवं होतं, हाच तो कंट्रोल. ३डी७ म्युटंट २९० पैकी १८, साधारण ६ टक्के. डीडी२ साधी १ टक्क्याच्या खाली. डीडी२ म्युटंट ३१० वर ५२, जवळजवळ १७ टक्के. तेच एक अक्षर, आणि घर बदललं की जगणारे पावणेतीन पट.

४ मार्च

तिसरा आरएसए, आकडे त्याच पट्ट्यात. आता विश्वास ठेवते.

लोक मला विचारतात की के१३ नक्की करतं काय. आत्ताचं सगळ्यात पटणारं चित्र असं: परजीवी ज्या पेशीत राहतो तिचं हिमोग्लोबिन गिळून जगतो, त्यासाठी त्याच्या अंगावर छोटी छोटी तोंडं असतात, सायटोस्टोम. के१३ त्या तोंडाच्या गळ्याशी असतं. म्युटेशन झालं की के१३ कमी पडतं, तोंड कमी उघडतं, हिमोग्लोबिन कमी आत येतं. आता आर्टेमिसिनिन स्वतःहून मारत नाही, हिमोग्लोबिन पचल्यावर सुटणाऱ्या हीममधलं लोह त्या ऑक्सिजनच्या पुलाला तोडतं तेव्हा कुठे ते पेटतं आणि आजूबाजूच्या प्रथिनांना जाळतं. कमी खाल्लं, कमी हीम, औषध पेटलंच नाही. म्हणजे क्लोरोक्विनच्या वेळी परजीवीनं औषध बाहेर फेकलं, इथे तो उपास करून बसतो. सहा तास तोंड मिटून बसला की झालं, औषध निघून जातं. आणि हे फक्त रिंगलाच परवडतं, कारण रिंगला तशीही फारशी भूक नसते. वय, भूक आणि घड्याळ, तिन्ही एकाच दोरीत ओवलेलं आहे हे इतकं स्पष्ट मला फेब्रुवारीतल्या त्या गोंधळानंच दाखवलं.

के१३ सापडलं त्याची कथा ज्युनिअरला सांगितली. टांझानियाची एफ३२ लाईन घेऊन फ्रेंच गटानं पाच वर्षं, १२५ वेळा, वाढत्या डोसनं आर्टेमिसिनिनचा दाब देत ती सांभाळली, मग मूळ आणि तयार झालेली लाईन यांचे जीनोम शेजारी ठेवले, त्यातून के१३ हातात आलं, आणि मग कंबोडियातल्या रुग्णांच्या परजीवीत बघितलं तर तिथेही त्याच जीनमध्ये म्युटेशन. २०१४ ला छापून आलं. पाच वर्षं कोणीतरी रोज मीडिया बदलला म्हणून हे सापडलं. माझे दोन महिने त्यापुढे काहीच नाहीत.

१० मार्च

त्या "उद्या उठली तर"चं उत्तर शोधायला सुरुवात. ३डी७ साधी आणि म्युटंट, दोन्हींना तोच सहा तासांचा तडाखा, मग धुवून रोज स्लाइड. सुरुवातीच्या १ टक्क्यावर परत यायला किती दिवस लागतात ते बघायचं.

१२ मार्च

साधी: फक्त टिंबं. म्युटंट: टिंबं आणि तुरळक जिवंत.

१५ मार्च

साधी: काही नाही. मीडियाचा रंग अजून लालसर, म्हणजे कोणी खातपीत नाहीये. ज्युनिअर म्हणाला मेले सगळे. मी म्हटलं थांब.

आज वेगळ्या फ्लास्कमध्ये स्पर्धाही लावली, साधी आणि म्युटंट निम्मी निम्मी, औषध अजिबात नाही.

१६ मार्च

रविवार, पण स्लाइड चुकवता येत नाही. येता येता डोक्यात गणित चाललं होतं ते उतरवून ठेवते.

जास्त आजारी रुग्णाच्या अंगात परजीवी दहाच्या बाराव्या घातापर्यंत असू शकतात, म्हणजे एक लाख कोटी. चांगलं चालणारं आर्टेमिसिनिन ४८ तासांच्या एका चक्रात ही संख्या साधारण १० हजार पटीनं खाली आणतं. एक लाख कोटीचे दहा कोटी. दुसऱ्या चक्रात दहा हजार. तीन दिवसांचा कोर्स दोन चक्रांना शिवतो, म्हणजे उरलेले दहा हजारांच्या आसपास लुमेफॅन्ट्रिनसारख्या जोडीदार औषधाच्या अंगावर, जे रक्तात कितीतरी दिवस रेंगाळतं. आता समजा म्युटेशनमुळे घट १० हजारऐवजी शंभर पटच झाली. एक लाख कोटीचे हजार कोटी, मग दहा कोटी. जोडीदारासमोर दहा हजार सोडायचे होते तिथे दहा कोटी सोडले. रुग्ण तरीही बरा होतो, जोडीदार ताकदीचा आहे तोवर. पण दहा कोटींत जोडीदाराला टाळणारा एखादा असण्याची शक्यता किती वाढली ते बघा. कंबोडियात पिपेराक्विन या जोडीदाराबरोबर नेमकं हेच झालं, आधी के१३, मग प्लाझ्मेप्सिनच्या (हिमोग्लोबिन पचवणाऱ्या प्रथिनाच्या) जीनच्या जास्तीच्या प्रती असलेले परजीवी, आणि जोडीच निकामी व्हायला लागली.

म्हणून मला "आर्टेमिसिनिन अजून चालतंय ना, मग काय" हे वाक्य ऐकवत नाही. चालतंय, पण ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर जातंय.

१७ मार्च

म्युटंट १ टक्क्यावर परत. सातवा दिवस.

२० मार्च

साध्या लाईनमध्ये एक रिंग. एकच, पण सुंदर, ताजी. त्याला बोलावून दाखवली, तो कितीतरी वेळ आयपीसवरून डोळा काढेना.

२३ मार्च

साधी लाईन १ टक्का. तेरावा दिवस. मीडिया पिवळट.

म्हणजे म्युटेशन नसलेलेही सगळे मरत नाहीत, मूठभर झोपतात आणि उठतात. हे आधीपासून माहीत आहे, आर्टेमिसिनिन एकटं दिलं की ताप परत येतो हे कितीतरी रुग्णांत दिसलंय, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्या बंद करायला सांगितलं. पण वाचणं वेगळं आणि सात दिवस कोऱ्या स्लाइड बघून मग ती एक रिंग बघणं वेगळं. म्युटेशननं झोप शोधून काढलेली नाही, झोपणाऱ्यांची संख्या वाढवली आणि उठणं सहा दिवसांनी अलीकडे आणलं. प्रयोग अजून दोनदा करायचाय, त्याआधी यापेक्षा जास्त काही म्हणणार नाही.

१२ एप्रिल

स्पर्धेचा निकाल, २८ दिवस, १४ चक्रं. ३डी७ मध्ये म्युटंटचं ए चं शिखर दर आठवड्याला बुटकं होत गेलं, आता जेमतेम दिसतंय. डीडी२ मध्ये उतार आहे पण हळू. उपाशी बसायची सवय औषध नसताना महाग पडते, आणि ३डी७ ला जास्त महाग. आग्नेय आशियात पसरलेलं हे ५८० आफ्रिकेत का मूळ धरत नाही याचं थोडं उत्तर यात असावं. पण त्यानं हायसं वाटून घेण्यात अर्थ नाही, कारण आफ्रिकेत परजीवीनं के१३ मधलेच आपले वेगळे बदल निवडले: रवांडात ५६१एच, जे २०१४ च्या नमुन्यांतही होतं आणि २०२० मध्ये छापून आलं, युगांडात ४६९वाय आणि ६७५व्ही, इरिट्रियात ६२२आय. सगळे त्यांच्याकडे तिथल्या तिथे उगवलेले. मॅडमना म्हटलं पुढच्या टप्प्यात ५८० सोडून हेच घेऊया, झोप-जागेचा हाच प्रयोग ५६१एच आणि ६७५व्ही वर. त्यांनी लगेच मान डोलावली.

२५ एप्रिल

आज जागतिक मलेरिया दिवस. २०२३ चे आकडे बोर्डवर लिहिले, २६ कोटी ३० लाख रुग्ण, ५ लाख ९७ हजार मृत्यू, त्यातले बहुतेक आफ्रिकेत आणि तिथल्या दर चार मृत्यूंत तीन पाच वर्षांखालची मुलं. ते पुसायचे नाहीत असं सांगितलंय.

३० एप्रिल

झोप-जागेचा दुसरा आणि तिसरा प्रयोग संपले. म्युटंट ७ आणि ८ दिवस, साधी १२ आणि १३. धरून आहे.

चारही लाईनच्या सहा सहा व्हायल रिंग स्टेजमध्ये गोठवल्या, लेबलवर तारीख आणि वेळ. दुपारी ज्युनिअरनं पुढच्या आठवड्याचा तक्ता करून दिला, डीएचए धुतल्यावर लगेच लुमेफॅन्ट्रिन घालायचं, तीन वेगवेगळ्या मात्रा, आणि झोपलेल्यांपैकी कोणी उठतं का ते तीस दिवस बघायचं. सॉर्बिटॉलसमोर त्यानं वेळेची जागा रिकामी ठेवलीये आणि शेजारी पेन्सिलनं लिहिलंय, "झाल्यावर भरणे".